तुंब्यातले उडीद

२८ मे. वड्यांचे उडीद निवडून भिजत घालायचे होते. पुसदला या दिवसांत सकाळ चढली की गच्चीवर पाय ठेववत नाही. म्हणून निवडायचं काम खाली ओसरीत आणि वाळवायचं वर, अशी आमची सोय. आमची म्हणजे माझी आणि शेजारच्या वहिनीची. मी ख्रिस्ती, ती बौद्ध. पापड, वड्या, कुरडया करून आम्ही दोघी मिळून दुकानांना देतो. इतकी वर्षं झाली की कोणी कोणाला काय शिकवलं तेही आता आठवत नाही.

मी पातेल्यात पाणी ओतत होते. वहिनीनं विचारलं, "पांढरं कापड कुठी हाय? उद्या वर टाकाले लागन."

कापड माझ्या प्रवासाच्या बॅगेत होतं. नेपाळहून येऊन आठवडा झाला होता आणि बॅग पलंगाखाली जशीच्या तशी पडली होती. एरवी मी अशी नाही. लग्नाहून आले तरी आधी पिशव्या रिकाम्या करते, मग पाणी पिते. वहिनीला हे माहीत आहे. ती आत गेली, बॅग ओढली आणि कापड घेऊन आली. झटकलं तसा बुरशीचा वास आला.

"ओलंच भरलं का काय?" म्हणत तिनं कापड उलगडलं. एका कोपऱ्याला गाठ होती. तिनं ती सोडली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत काळे उडीद निघाले, मूठभर, आपल्या उडदापेक्षा बारीक आणि मातकट.

"घ्या. वड्या शिकवाले गेल्या आन् उडीद घेऊन आल्या. टाकतो यातच."

तिचा हात पातेल्यावर गेला होता. मी मनगट धरलं, जरा जोरातच.

"अव माय, काय झालं?"

"ते बी आहे," मी म्हटलं. मग बसले आणि तिला सगळं सांगितलं. आठवडाभर घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

बाजारपेठेचा रात्रीचा चौकीदार आमच्या चर्चच्या मंडळीतला. मूळचा पश्चिम नेपाळच्या डोंगरातला. तरुणपणी पुसदला आला आणि इथलाच झाला, आता आमच्यापेक्षा पक्की वऱ्हाडी बोलतो. त्याच्या गावात विश्वासणाऱ्यांची पंचवीस-तीस घरं आहेत. त्यांचं बोलावणं आलं आणि आमच्या पाळकसाहेबांनी बेत आखला: सकाळी उपासना आणि वचन, म्हणजे बायबलवरचं प्रवचन, दुपारी बायकांना एखादा घरगुती धंदा शिकवायचा. पाळकसाहेब वचन देणार, बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ धंद्याचं गणित सांगणार आणि मी वड्या शिकवणार. मे महिना कोणी ठरवला असं नाही. तो ठरलेलाच होता. शाळांना सुट्टी असते, आणि वाळवण मे महिन्यातच करतात. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

उडीद आधी इथूनच न्यायचं ठरलं होतं. पण बँकवाले भाऊ म्हणाले, बाहेरून माल नेऊन शिकवलं तर आपण परतल्यावर धंदा बंद पडेल, हाताशी आहे त्यातूनच करायला शिकवा. मला पटलं. ओझंही वाचलं.

दिल्लीवरून बसनं सरहद्द, तिथून जीप, मग चढ. आमची उतरायची सोय चौकीदाराच्या भावाच्या घरी होती. भाऊ आखातात कामाला. घरात त्याची बायको आणि म्हातारी सासू. ही बायको तिशीची, हसरी, दोन वर्षं दिल्लीत राहिलेली असल्यानं हिंदी चांगली. मला पहिल्याच दिवशी दिदी म्हणू लागली, मी तिला बहिनी, म्हणजे नेपाळीत धाकटी बहीण.

पहिल्या सकाळी पाळकसाहेबांनी धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराच्या गोष्टीवर वचन दिलं. दुपारी त्याच धाग्यावर बँकवाल्या भाऊंनी फळ्यावर लिहिलं: घरात पडून असलेली वस्तू म्हणजे झोपलेलं भांडवल. बहिनीनं ते बायकांना त्यांच्या बोलीत सांगितलं. मग मी उठले आणि विचारलं, "घरात उडीद कोणाकडे आहेत?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बहिनी म्हणाली, "हैं. हमारे घर में हैं."

"मग आण."

ती लगेच उठली नाही. मला वाटलं, लाजते आहे. मी म्हटलं, "अगं, भांडवल झोपलंय तुझं, उठव त्याला." बायका हसल्या. ती गेली आणि चुलीवरच्या फळीवरून भोपळ्याचा एक वाळका तुंबा घेऊन आली. तोंडाला शेणाचं बूच. आत राख घातलेले उडीद. राख कशाला, असं माझ्या मनात आलं, पण ते किडीसाठी असणार म्हणून मी पुढे सरकले. दाणा फार बारीक होता. वहिनीला दाखवावा म्हणून मूठभर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कापडाच्या कोपऱ्यात बांधला, बाकीचे धुऊन भिजत घातले.

आमच्याकडे बियाणं म्हणजे कृषी केंद्रातली पिशवी. कपाशी असो, सोयाबीन असो, तूर असो, जूनमध्ये रांगेत उभं राहून आणायची. घरातलं धान्य खायचं आणि बियाणं दुकानातून. बोरी अरबजवळ माझ्या मामाचं शेत आहे, मी शेतातच वाढले, तरी राखेतला तुंबा बघून मला बियाणं सुचलं नाही. चुलीच्या वर टांगलेलं गाडगं माझ्या आजीच्या घरी होतं. हे मला नंतर आठवलं, तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी वाटण झालं. हात सगळ्यांचे चालत होते, मला फारसं शिकवावंच लागलं नाही. एक म्हातारी तर माझ्यापेक्षा सुबक वड्या घालत होती. नंतर कळलं की त्या भागात वड्या दर हिवाळ्यात घालतात, मस्यौरा म्हणतात. कोणी मला तसं सांगितलं नाही. पाहुणी इतक्या लांबून शिकवायला आली, तिला काय सांगायचं?

एक गोष्ट मात्र बहिनीनं सांगितली होती. कापड पसरताना आभाळाकडे बघून ती म्हणाली, "दिदी, पानी आएगा."

मी म्हटलं, "मे महिन्यात कसलं पाणी?"

पांढऱ्या कापडावर वड्यांच्या सरळ ओळी उठून दिसत होत्या. भाऊंनी फोटो काढला, पुसदच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकला. दुपारनंतर डोंगरावरून ढग उतरले आणि पाऊस आला. आम्ही कापड चारी कोपरे धरून आत नेलं. पुढच्या दिवशीही तसंच, त्याच्या पुढच्या दिवशीही. सकाळी थोडं ऊन, दुपारी पाणी, रात्री धुकं घरात शिरायचं. वड्या आधी बुळबुळीत झाल्या, मग त्यांच्यावर केस उगवले. मी बायकांना म्हणाले, वेळेवर उलटल्या नाहीत तुम्ही. हे मी खरंच म्हणाले. बहिनीनं ते भाषांतर करून सांगितलंसुद्धा, पण कमी शब्दांत. मूळ वाक्याची धार तिनं काढून टाकली असणार, कारण बायका शांतपणे मान हलवत होत्या.

निघायच्या आदल्या सकाळी मी परसात तोंड धूत होते. आत सासूसुना बोलत होत्या. सासू बोलत होती, सून गप्प. नेपाळी मला येत नाही, पण 'बीउ' म्हणजे काय हे कळायला शिकावं लागत नाही. म्हातारी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती आणि दर वेळी रिकाम्या तुंब्यावर बोटानं टकटक करत होती.

मी आत गेले. बहिनीला बाजूला घेऊन विचारलं, "वो उडद बीज का था?"

"जाने दो दिदी."

"बीज का था का?"

"हाँ."

"मग तू दिलेस कशाला?" हे मी मराठीत बोलले. तिला कळलं.

"आपने माँगा," ती म्हणाली.

मी म्हटलं, खाली बाजारात जाऊ, मी विकत घेऊन देते. ती हसली. खालचा उडीद या उतारावर नुसता वेल वाढवतो, शेंग धरायच्या आत थंडी येते. हा तिच्या सासूच्या सासूच्या वेळचा. भाताच्या बांधावर पेरायचा, आषाढात. मंडळीतल्या इतर बायकाही पेरणीला तिच्याकडूनच नेत, पीक निघालं की तेवढा तुंब्यात परत. यंदा आषाढात कोणाच्याच बांधावर उडीद नसणार होता.

त्या संध्याकाळी निरोपाची उपासना झाली. आम्हाला झेंडूचे हार घातले. पाळकसाहेबांनी पेरलेल्या कामाबद्दल देवाचे आभार मानले. बहिनी उभी राहिली आणि म्हणाली, दिदी इतक्या दूरून आमच्यासाठी आल्या, आम्हाला खूप शिकायला मिळालं. मी हार गळ्यात घेऊन बसून राहिले. उठले असते तर तिची सासू समोर होती, सगळ्या बायका होत्या, खरं सांगायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. मी आमेन म्हणाले.

पुसदला परतल्यावर रविवारी टाळ्या झाल्या. तेव्हाही मी उठले नाही.

वहिनीनं हे सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचा हात उडदातले खडे काढतच होता. मग म्हणाली, "तुमच्या आजीची गोष्ट तुम्हीच सांगतल्ती नं मले. मोज्यायची."

सांगितली होती, आणि दोघी हसलो होतो. माझ्या आजीला मिशनच्या मड्डमनं लोकरीचे मोजे विणायला शिकवले होते. यवतमाळ जिल्ह्यात, मे महिन्यात. आजीनं जन्मभर विणले, घातले कोणीच नाहीत. लहानपणी आम्ही ते बाहुल्यांना घालायचो.

"मड्डमनं निदान लोकर सोताची आणली," वहिनी म्हणाली.

तिनं ते उडीद खाली न सांडता एकेक करून पाहिले. दोन किडके होते, ते काढले. बाकीचे कोरड्या फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवले. "आषाढ लागाले वेळ हाय अजून," म्हणाली. "चौकीदार पेरणीले घरी जाते नं दरसाल?"

जातो. हे मला आठवडाभर माहीत होतं. बॅगेत गाठ आहे हेही माहीत होतं. पण गाठ त्याच्या हाती द्यायची तर का देते हे सांगावं लागलं असतं. म्हणून बॅग पलंगाखाली होती. आणखी महिनाभर राहिली असती तर आषाढ लागला असता आणि मग सांगून उपयोग नाही असं मी स्वतःला पटवलं असतं. माझं मन असं चालतं हे मला या वयात कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारपेठेच्या फाटकाशी गेले. चौकीदार काठी भिंतीला टेकवून चहा पीत होता. मला पाहून उभा राहिला.

"जय मसीह, ताई. इतक्या सकाळी?"

मी फडकं त्याच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. वड्या कुजल्या तेही, मी बायकांना बोलले तेही.

तो म्हणाला, "मालूम हाय मले. आईचा फोन आलता."

"मग रविवारी तू टाळ्या वाजवत होतास ते?"

"सारेच वाजवून राह्यले होते." त्यानं फडक्याची गाठ सोडून बघितली. "भिजले त नाही नं?"

"नाही."

"उन्हात टाकले होते?"

"नाही. बॅगेत होते."

"मंग उगवन." त्यानं गाठ पुन्हा बांधली आणि खाकी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. "यंदा आमच्याच बांधावर. पुढच्या साली दोन घरायले. वड्या लय दिवस नाही भेटत आता." मग म्हणाला, "भाभी नाराज नाही तुमच्यावर."

"तेच तर खुपतं," मी म्हटलं.

तिथून मी चर्चच्या आवारात गेले. फाटक उघडं होतं. फळ्यावर सूचनांच्या मधोमध तो फोटो मोठा करून लावला होता: पांढरं कापड, वड्यांच्या ओळी, मागे डोंगर, हसणाऱ्या बायका. मी टाचण्या काढत होते तेवढ्यात पाळकसाहेब हातात बादली घेऊन झाडांना पाणी घालायला बाहेर आले.

"अहो, तो काढता कशाला? पुढच्या वर्षीच्या फेरीसाठी ठेवलाय."

"त्या वड्या वाळल्या नाहीत, साहेब," मी म्हटलं. "बादली खाली ठेवा. थोडं बसावं लागेल."