पेन्सिलनं लिहिलेला भाव

आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याच्या काचेच्या कपाटात स्वस्तातल्या ग्राफिक्स कार्डाचं एक खोकं आहे. त्यावरचा भाव दुकानदार काका पेन्सिलनं लिहितात, म्हणजे खोडायला सोपा. आधीचे खोडलेले, कमी भाव खालून अजून दिसतात. बहिणीसोबत महिन्याभरात आज तिसऱ्यांदा गेलो. ती ॲनिमेशन शिकते. तिच्या कॉम्प्युटरमधलं जुनं कार्ड जळलंय, त्याच्याशिवाय चित्रं हलत नाहीत, आणि परीक्षेची फिल्म सोमवारी द्यायचीय.

"काका, आज तरी आलंय?" तिनं विचारलं.

"खोकंच आहे बाळा, आत कार्ड नाही. महागातलं देऊ?"

"मग रिकामं खोकं मांडता कशाला?" मी म्हणालो.

"नाहीतर कपाट ओकंबोकं दिसतं हो, पुढारी!"

मोर्चांसाठी महागाईवर मी ढिगानं पत्रकं लिहिलीत. तेल, गॅस, एसटीचं भाडं, प्रत्येकाला घोषणा सुचली. शिकायला लागणारी वस्तू आधी महाग होते, मग नाहीशी होते आणि कोणी ओरडतही नाही, हे मला कळतं. त्यावर मात्र एकही घोषणा सुचली नाही. राग येण्याची वाट बघत मी नुसता उभा राहिलो.

बहिणीनं खोकं मागून घेतलं, मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. मग ओढणीनं धूळ पुसून ते परत जागेवर ठेवलं, भाव समोर येईल असं.