तोरणाखालचा मान

माझा थोरला भाऊ सीमेवरच्या लढाईत शहीद झाला, त्या वर्षी गावानं ठरवलं, की पोळ्याला तोरणाखालून पहिले बैल आमचे जातील. हा मान पिढ्यान्‌पिढ्या पाटलांचा. पाटलांचा लेक बैल आडवे घालून वेशीतच उभा राहिला. हलगी थांबली. शहिदाच्या घराला अडवतो म्हणजे काय! माझं डोकं फिरलं. मी काठी उगारली तशी त्यांची माणसंही पुढं सरकली.

आबांनी, माझ्या वडलांनी, काठी माझ्या हातातून हिसकली आणि बैल मागं वळवले. पार शेवटी, उकिरड्यापाशी नेऊन उभे केले.

"आबा, गावानं दिलेला मान हाय हा!" मी ओरडलो.

"दरसाल सुट्टी काढून पोळ्याला यायचा त्यो," आबा म्हणाले. "एस्टीला लय उशीर व्हायचा. आपण इथंच थांबायचो, त्यो पळत यायचा अन् कासरा धरायचा. आता पुढं गेलो तर त्याला घावायचं कसं?"

एका बैलाचा कासरा आबांच्या हातात होता. दुसऱ्याचा खाली लोळत होता. तो उचलायला मी वाकलो.

आबांनी उचलू दिला नाही.