मन्सूर कल्हईवाल्याची आच

मन्सूर कल्हईवाल्याचे डोळे जात होते, आणि अख्ख्या चिंचवडात हे फक्त त्याच्या बायकोला, झुलेखाला ठाऊक होतं. जन्मभर भट्टीच्या धुरात तोंड घातलेलं. दुसरं काय होणार म्हणा! त्यात घरोघर अॅल्युमिनियमची भांडी आली आणि कल्हईला कुत्रं विचारीना.

उरला एकच आधार, चित्रकार ज्योतीराम मास्तर. ते तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड भुरभुरवत, खालून आच देऊन ती चिकटवत आणि मग पत्रा तेजाबात बुडवत. दाण्यांमधलं तांबं तेजाब खाई, आणि त्या पत्र्यावरून कागदावर शाईचा मऊ काळोख उतरे. अॅक्वाटिंट म्हणतात त्याला. आच द्यायचं काम मन्सूरचं. पांढरी पूड काचेसारखी झाली की पत्रा झटकन उचलायचा. जरा उशीर झाला की मेहनत पाण्यात.

ती पूडच त्याला दिसेना. मग झुलेखा जेवणाचा डबा घेऊन यायची, शेजारी बसायची आणि पूड वितळली की हळूच बांगड्या वाजवायची. मास्तर बिचारे म्हणत, काय ही नवरा-बायकोची माया!

पण तेजाबाची परात तिथंच असे. एकदा मन्सूरची बाही तिच्यात बुडाली, पार जाळी झाली. झुलेखानं घरी गेल्यावर ती बाही त्याच्या हातात दिली.

"अहो, सांगून टाका. आज बाही गेली, उद्या हात जाईल."

"गप गं. आंधळ्याला कोण कामावर ठेवतं?"

पुढं मास्तरांचं पवनेच्या घाटाचं चित्र पुण्याच्या संग्रहालयातल्या प्रदर्शनात लागलं. मास्तर हट्टानं दोघांनाही घेऊन गेले. दालनात ही गर्दी! झुलेखा बायकांच्या घोळक्यात मागंच अडकली, आणि मास्तरांनी मन्सूरला हाताला धरून थेट भिंतीपुढं उभं केलं.

"हं, मन्सूरभाई!"

समोर काळा चौकोन. घाटावरचा काळोखच असणार, दुसरं काय!

"वा मास्तर! काय उतरलाय घाट! आणि पाण्यावरचा तो उजेड, क्या बात है!"

मास्तरांचा हात दोरीवरच थांबला. उद्घाटन व्हायचं होतं. मन्सूरला आधी दाखवावं म्हणून ते चित्रावरचा काळा पडदा आत्ता कुठं सारणार होते.

झुलेखा धापा टाकत पोचली आणि मास्तरांचा चेहरा बघून जागीच थिजली. मन्सूर मात्र अजून तारीफ करत होता.

"भाभी," मास्तर हळूच म्हणाले, "उद्यापासून आच तुम्हीच द्या. यांना आता घरी राहू दे."

मन्सूर बोलता बोलता थांबला. त्यानं चाचपडत हात पुढं केला, आणि बोटांना कापड लागलं.