धर्मराजाच्या गुडघ्याचा शेंदूर

पांडवलेण्यांकडे निघालो, तेव्हा आत्याने पंचवटीतल्या तिच्या खोलीच्या दारातच मला थांबवलं आणि पिशवीत एक नारळ, शेंदराची पुडी नि तेलाची छोटी बाटली कोंबली. माझ्या नोकरीसाठी ती धर्मराजाला नवस बोलली होती. नोकरी लागून तीन वर्षं झाली, पण संधिवातामुळे तिला डोंगर चढवत नव्हता. “गाभाऱ्यात मोठा बसलेला आहे ना, तोच धर्म. त्याच्या गुडघ्याला शेंदूर लाव, म्हणजे मी सुटले,” ती म्हणाली. देवाधर्माचं मला फारसं वेड नाही, पण आत्याचा शब्द मोडायची छातीही नाही. मी कऱ्हाडचा. नाशिक तोवर मला आत्या आणि चिवडा यांच्यामुळेच ठाऊक होतं.

सीबीएसवर (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) बसमध्ये शेजारी पगारे गुरुजी भेटले. पासष्टीचे, पांढरा लेंगा-सदरा, खांद्याला शबनम. शाळेतून निवृत्त झालेले, मुलगा अंबडच्या कारखान्यात. दर पौर्णिमेला लेण्यांत वंदनेला (बुद्धाच्या प्रार्थनेला) जातात म्हणाले. मी पंचवटीत उतरलोय हे ऐकून ते सांगू लागले.

“तिथल्या देवळाच्या दारात आमचे वडील सत्याग्रहाला बसले होते. मी पोरगा, पाण्याची कळशी सांभाळायला. दार काय उघडलं नाय. मग एक दिवस मला लेण्यांवर घेऊन गेले. म्हणाले, ह्या डोंगराला दारच नाय बघ.”

ही सगळी लेणी बुद्धाची, असंही ते म्हणाले. मी मान हलवली. पण शाळेपासून ऐकलेलं नाव इतक्या सहज सुटतं का? मला वाटलं, बुद्ध एखाद्या लेण्यात असेल, आत्याचा धर्मराज दुसऱ्यात.

पायथ्याशी गुरुजी चहाला थांबले. “तुम्ही व्हा पुढं, मी दमानं येतो.” मी पायऱ्या चढू लागलो आणि अर्ध्यावर चपलेचा अंगठा तुटला. तशीच एक चप्पल हातात घेऊन वर पोचलो. खाली हायवेवरचे ट्रक, कारखान्यांचे पत्रे, लांबवर द्राक्षांचे मांडव, सगळं थंडीच्या उन्हात स्वच्छ दिसत होतं. फार बरं वाटलं.

मोठ्या लेण्याच्या गाभाऱ्यात उंच मूर्ती बसलेली होती. बाहेर नारळ फोडला, तळहातावर शेंदूर तेलात कालवला आणि चार बोटांनी तिच्या गुडघ्याला लावला. चला, आत्याचा नवस फिटला, असं म्हणून मी हात रुमालाला पुसत होतो, तेवढ्यात गुरुजी आत आले.

ते मूर्तीसमोर उभे राहिले. वाकून गुडघ्याला बोट लावून पाहिलं.

“ओला हाय अजून,” ते एवढंच बोलले.

शबनममधून त्यांनी एक पंचा आणि रिठ्याच्या पाण्याची बाटली काढली. दर पौर्णिमेला आणतात म्हणे, कारण शेंदूर वाळला की दगड सोडत नाही. “जरा पाणी ओतता का?” त्यांनी मला विचारलं. मी डाव्या हाताने ओतू लागलो. उजवा हात खिशात होता.

“भोळी माणसं असतात,” पुसता पुसता ते म्हणाले. “राग नाय त्यांचा. पण आपल्या बापाला कुणी दुसऱ्याच नावानं हाक मारावी, आणि आपण मागून पुसत फिरावं...” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाणी ओतत राहिलो.

वंदना झाल्यावर आम्ही बाहेर पायरीवर बसलो. गुरुजींनी फडक्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा काढला, अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. मी ती डाव्या हाताने घेतली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे बाटली उघडली.

“हात पुढं करा. बोटांचंही निघतं यानं.”

उरलेलं सगळं पाणी त्यांनी माझ्या उजव्या हातावर ओतलं. पायरीवर लाल ओघळ गेला. कोरडा करायला स्वतःचा पंचाही दिला, त्याची दुसरी, स्वच्छ बाजू वर करून. “खा आता,” म्हणाले आणि मुलाच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगू लागले. माझी तुटलेली चप्पलही त्यांनीच सुतळीने बांधून दिली. अख्खा डोंगर आम्ही बरोबर उतरलो. मी द्राक्षांबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो.

घरी आत्या वाट पाहत होती. “लावलास ना रे?”

“लावला.”

तिने डोंगराच्या दिशेने हात जोडले. डोळे भरून आले होते तिचे. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, “बोटं तर कोरी दिसतात!”

“धुतली,” मी म्हणालो.

कोणी धुतली, ते सांगितलं नाही. पुढे दोन वर्षांनी आत्या गेली, नवस फिटल्याच्या समाधानात. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते गुरुजींचं. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही, आणि ते कुठे राहतात, हेही मी विचारून घेतलं नाही. ‘चुकलो’ म्हणायला सबंध उतरण मिळाली होती. तेवढा एक शब्द मी तसाच कऱ्हाडला घेऊन आलो.