चौथी पट्टी

आगरदांड्याच्या धक्क्यावर मेस्त्रींना कुणी बसायला बाकडं पुढे केलं, तर ते लगेच बसत नसत. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून बाकड्यावर दोनदा ठोकत, मान वाकडी करून ऐकत आणि मग निकाल देत. "भरीव हाय," नाहीतर, "आतून गेलंय." तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हता.

गावोगाव अशी माणसं असतात, तुम्हीही पाहिली असतील. लोक त्यांना हसतात आणि मनातून थोडे बिचकूनही असतात. मी तरीच्या, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या नावेच्या, मक्तेदाराकडे कारकून म्हणून नवा नवा लागलो, तेव्हा मेस्त्री मला भेटायला आले. आले ते माझ्याशी बोलायच्या आधी माझ्या टेबलाच्या पायाशी बोलले. "भाऊ, ह्याच्यावर भार टाकू नका. आतून गेलंय." टेबल चांगलं पॉलिश केलेलं होतं. मी हसलो. चौथ्या दिवशी मी तिकिटांच्या गठ्ठ्यासकट जमिनीवर होतो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. माणगावहून आलेला मी बावीस वर्षांचा पोरगा, आणि धक्क्यावर माझा शब्द चाले. खाडीपलीकडे दिघी. मधे समुद्राचं तोंड. माणसं, कोंबड्या, भाताची पोती, सगळं आमच्या मोठ्या मचव्यातून पलीकडे जायचं. मचवा जुना होता आणि त्याला जिवंत ठेवायचं काम मेस्त्रींचं.

आता फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांच्याही पोटात लाकडाच्या लांब पट्ट्या असतात, आणि त्याही कुजतात असं ऐकतो. आमचा मचवा तर सगळाच लाकडाचा. बाहेरून फळ्या, आतून फासळ्यांसारखे वाक, आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या चार लांब पट्ट्या, दोन्ही कुशींना दोन-दोन. पट्टी कुजली तर बाहेरून काही दिसत नाही. वर रंग असतो, खाली मरण असतं.

"खारं पानी लाकूड राखतं, गोडं पानी खातं," असं मेस्त्री म्हणायचे. पावसाचं पाणी मचव्यात साचतं, पट्टीच्या मागे शिरतं आणि तिथेच मुरतं. समुद्र बिचारा उगाच बदनाम होतो, असा त्यांचा दावा होता.

आणि तरी हा माणूस समुद्राला भ्यायचा. थोडाथोडका नव्हे, थरथर कापायचा.

आमच्या धक्क्यावर एक रीत होती. नावेत नवं लाकूड घातलं, की पहिल्या खेपेला ते घालणाऱ्या मेस्त्रीनं त्याच लाकडाला टेकून पलीकडे जायचं. नारळ फुटायचा आणि मेस्त्री नावेत चढायचे. त्या दिवशी ते सकाळपासून अन्नाला शिवत नसत. चपला काढून परत येईपर्यंत बायकोच्या हातात देत. "पोचलो तर घालीन," म्हणत. मग नावेत बसून डोळे घट्ट मिटत ते दिघीचा धक्का लागेपर्यंत. खलाशी मुद्दाम नाव हलवत आणि ओरडत, "मेस्त्री, मासा बघा केवढा!" मेस्त्री डोळे न उघडता म्हणत, "तुजा बा असंल."

मी एकदा विचारलं होतं, "मेस्त्री, नावा दुरुस्त करता आणि नावेत बसायला भिता?"

त्यांनी दोन बोटं एकमेकांजवळ धरली. मधे इंचभर जागा. "तुमी नावंत बसून पानी बघता, भाऊ. मी हे बघतो. तुमच्यात नि दर्यात येवढंच हाय. मी भ्यालो न्हाय तर कोन भियाचा?"

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. धक्क्यावर मी त्याची नक्कलही करून दाखवायचो, आणि लोक हसायचे.

त्या वर्षी पाऊस लांबला. मचवा उशिरा किनाऱ्यावर ओढला आणि काम दिवाळीपलीकडे रेंगाळलं. मेस्त्रींनी आत शिरून सगळीकडे ठोकून पाहिलं आणि मला सांगितलं, "चारी पट्ट्या गेल्यात. चार लांब दांडे आना, सागाचे." लाकूड माणगावच्या वखारीतून यायचं होतं. मी गेलो आणि तीन आणले.

का आणले तीन? कारण मेस्त्री भित्रे, हे मी मनात पक्कं धरलं होतं. भित्रा माणूस चार मागतो तेव्हा तीन पुरतात, असं माझं गणित. वखारीत चौथा सरळ दांडा मिळायला दोन दिवस थांबावं लागलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं. डाव्या कुशीची मागची पट्टी मी स्वतः पाहिली होती. काळपट होती, पण चांगली दिसत होती.

मेस्त्रींनी गाडीतले दांडे मोजले नाहीत. नुसतं बघितलं. मग मला हाताला धरून मचव्यात नेलं आणि त्या पट्टीवर बोट ठोकलं. टक टक. मला तो आवाज इतर आवाजांसारखाच वाटला.

"आतून गेलीय."

"पुढच्या पावसाळ्यात बघू, मेस्त्री."

"दर्या थांबंल काय पुढच्या पावसापत्तुर?"

मी चिडलो. तेव्हा मी फार लवकर चिडायचो. म्हटलं, "तुम्हाला सगळंच आतून गेलेलं दिसतं. तीन बसवा." त्यांनी तीन बसवल्या, फार सुंदर बसवल्या. वाकसाच्या पात्यानं तासताना त्यांचा हात असा चाले की नवी पट्टी जुन्या वाकाला चिकटून वाढल्यासारखी वाटे. सांध्यांत कापूस भरला, वरून माशाचं तेल चोपडलं. चौथ्या पट्टीला त्यांनी हातही लावला नाही.

तुळशीचं लग्न लागलं आणि मुहूर्त सुरू झाले. आमच्याकडचं एक वऱ्हाड दिघीच्या बाजूला जायचं होतं. नवरदेव, वाजंत्री, बायका, पोरं मिळून चाळीसेक माणसं, आणि मुहूर्त गोरजाचा. छोट्या होडीतून चार खेपांत सगळे गेले असते. पण मी नवरदेवाच्या बापाला छाती फुगवून सांगून बसलो होतो की तुमचं वऱ्हाड नव्या केलेल्या मचव्यातून एकदम नेतो. पहिल्या खेपेला आमचा नेम असा की फक्त खलाशी आणि मेस्त्री. तो मी मोडला.

दुपारी वऱ्हाड चढलं. मेस्त्री किनाऱ्यावर उभेच.

"चला मेस्त्री," मी मचव्यापाशी पाण्यात उभा राहून ओरडलो.

"मी न्हाय येत. तुमी बी जाऊ नका. मानसं उतरवा."

चाळीस माणसं हसली. मला जोर चढला. म्हटलं, "अहो, नवरदेव भ्याला नाही, तुम्ही काय भिता?" आणखी हशा. मेस्त्री पाण्यात चार पावलं आले, माझ्याजवळ, आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, मी आज पान्याला भ्यालो न्हाय."

हे मी नीट ऐकलं. आज इतक्या वर्षांनी सांगतो, एकेक शब्द ऐकला आणि त्याचा अर्थही कळला. पण लोक बघत होते. मी म्हटलं, "रीत मोडायची असेल तर मोडा. पुढच्या वर्षी दुसरा मेस्त्री बघतो."

मेस्त्री मागे गेले आणि चपला काढून बायकोला दिल्या. मग तिच्या पायाशी ठेवलेली हत्यारांची पिशवी उचलली. ती ते कधी नावेत आणत नसत. पिशवी घेऊन चढले आणि डाव्या कुशीला, मागे, त्या जुन्या पट्टीपाशी जाऊन बसले. शहाणपणा मिरवायला मीही चढलो आणि त्यांच्यासमोर बसलो.

अर्ध्या खाडीपर्यंत सगळं छान होतं. मग उजवीकडून, समुद्रावरून वारा आला आणि खाली ओहोटी उलटी ओढू लागली. मचवा डावीकडे कलला. तेवढ्यात मी तो आवाज ऐकला. वाळकं काटूक मोडावं तसा, छोटासा. मेस्त्रींच्या पाठीमागून.

त्यांच्या धोतरावर पाणी पसरताना मी पाहिलं. सांध्यातला कापूस बाहेर आला होता आणि फळी श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होत होती. मला पोहता येत नव्हतं. त्या बायकांपैकी किती जणींना येत होतं देव जाणे. माझ्या शेजारीच एका बाईच्या मांडीवर तान्हं पोर झोपलं होतं.

मी उठायला गेलो. मेस्त्रींनी माझा गुडघा पकडला. "आरडू नका. मानसं उठली की गेलो आपन."

"काय करू?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"पाट द्या, लग्नाचा."

नवरदेवाला बसायचा सागाचा पाट तिथेच बोचक्यावर होता. मी तो ओढला. मेस्त्रींनी पिशवीतून हातोडा आणि पाचर काढली, पाट फुटलेल्या जागेवर लावला, पाचर ठोकली, आणि पाटाला पाठ लावून दोन्ही पाय समोरच्या बाकाला रोवले. सगळ्या अंगाचा टेकू केला.

"तांडेलाला सांगा, शीड उतरव. वल्ही घाल. आन बायांना उजव्या अंगाला सरकवा, बसल्या बसल्या."

मी सुकाणूवरच्या तांडेलाच्या कानात सांगितलं. तो पांढरा पडला, पण शीड उतरलं. मग मी हसऱ्या तोंडानं, देवाशपथ हसऱ्या तोंडानं, वऱ्हाडाला म्हणालो, "जरा उजवीकडे सरका, इकडे पाणी उडतंय, शालू भिजतील." बायका बसल्या जागी सरकल्या. तेवढ्यात पुन्हा तो आवाज झाला, आणि एका म्हाताऱ्यानं मान वळवली.

"वाजंत्र्यांना वाजवाया सांगा," मेस्त्री दात आवळून म्हणाले. "मोठ्यानं."

खाडीच्या मधोमध सनई-ताशा सुरू झाला. पोरं टाळ्या पिटू लागली. खाली माझ्या घोट्यापर्यंत पाणी होतं आणि मी नवरदेवाच्या तांब्यानं ते उपसत होतो. लोकांना वाटलं, कारकून फार सेवाभावी आहे. मी मनात एकच म्हणत होतो, चौथा दांडा, चौथा दांडा. दुसरी प्रार्थना सुचतच नव्हती.

एकदा मी मेस्त्रींकडे पाहिलं. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ झाल्या होत्या, ओठ निळे पडले होते, हनुवटी थरथरत होती. पण डोळे सताड उघडे होते. इतक्या खेपांत पहिल्यांदाच ते समुद्राकडे बघत होते.

दिघी लागली. वऱ्हाड वाजतगाजत उतरलं. नवरदेवाची आई पाट शोधत मागे आली आणि भडकली. "अरे माझ्या कर्मा! लग्नाचा पाट भिजवला! त्यावर टेकून बसलाय बघा कसा! लाज न्हाय वाटत?"

"व्हय, माय," मेस्त्री म्हणाले. "चुकलं."

ती माणसं सगळी वर जाईपर्यंत त्यांनी पाट सोडला नाही. वऱ्हाड दिसेनासं झाल्यावर त्यांना उठता येईना. मी आणि तांडेलानं त्यांना उचलून वाळूवर ठेवलं. पाठीवर पाटाची कड रुतून रक्त साकळलं होतं. मी त्यांचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारल्या, टक टक, आणि कान दिल्यासारखं केलं.

"भरीव हाय," म्हणाले. "वाईच ओलं हाय. वाळंल."

मी छोट्या होडीनं परत येऊन माणगाव गाठलं आणि चौथा दांडा आणला, दोन दिवस वखारीत थांबून. मेस्त्रींनी मचवा तिथेच दिघीच्या वाळूवर ओढायला लावला आणि वाकलेल्या पाठीनं ती पट्टी बदलली. जुनी काढली तेव्हा ती हातात भाकरीच्या चुऱ्यासारखी गळली. मग रीतीप्रमाणे ते नव्या पट्टीला टेकून बसले आणि डोळे घट्ट मिटले. या वेळी मी शेजारी होतो. सबंध खेपभर त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि ते थरथरत होते. आगरदांड्याला त्यांची बायको चपला घेऊन पाण्यात उभी होती. ती रोज येत होती, असं मला नंतर कळलं.

मेस्त्रींची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. त्यांनी मागितलं त्याहून एक दांडा मी पुढे नेहमी जास्त आणला. सहा-सात वर्षांनी एका हिवाळ्यात छातीत कफ धरून ते गेले. घरीच, कोरड्या जमिनीवर. मला त्यातल्या त्यात तेवढंच समाधान.

साठ सालानंतर कधीतरी इंजिनाची लाँच आली. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या गावी बांधलेली. पहिल्या खेपेला हार-तुरे झाले, नारळ फुटला. मी धक्क्यावर उभा होतो. लोक म्हणाले, "भाऊ, चढा की." माझे पाय उचलेनात. तिचं आतलं लाकूड मी पाहिलं नव्हतं, ते बसवणारा माणूस नावेत नव्हता, आणि त्याच्या जागी कुणी बसायचं हे कुणाला ठाऊकही नव्हतं.

गर्दीतून मेस्त्रींची बायको पुढे आली. आता पार म्हातारी झाली होती. तिनं हात पुढे केला. मला क्षणभर कळलं नाही. मग मी चपला काढल्या आणि तिच्या हातात दिल्या.

"पोचलात तर घाला," ती म्हणाली.

मी चढलो, डाव्या कुशीला, मागे जाऊन बसलो. बोट दुमडून दोनदा ठोकलं. आवाज भरीव होता, मला तरी तसा वाटला. मग मी डोळे मिटले ते दिघी लागेपर्यंत उघडले नाहीत.