दुसऱ्या फोनची डबी

सुपात तीळ घोळवताना जसा एक अखंड, कोरडा, बारीक आवाज येतो, तसा तो आवाज होता. रिसीव्हर कानाला लावला की आधी तोच यायचा, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी, उन्हाने तापलेल्या शेताच्या दुसऱ्या बांधावरून कोणी हाक मारावी तसा, माणसाचा आवाज. गेल्या आठवड्यात आमच्या चिखलीच्या घरातला जुना फोन काढून टाकला, तेव्हा तो आवाज मला आठवणीत पुन्हा ऐकू आला. भिंतीतून आता काचेची, फायबरची नवी तार आली आहे. तांब्याच्या जुन्या तारेचे काम संपले. आईच्या खोलीतली तार गुंडाळताना तिच्या टोकाला अडकलेली, काड्यापेटीएवढी पांढरी डबी हातात आली, आणि मी हातातले काम टाकून खाटेवर बसलो. थकवा काय कामाचाच असतो? काही थकवे वर्षानुवर्षे आत साठत राहतात, आणि एखादी क्षुद्र वस्तू हाती लागली की एकदम अंगावर येतात.

त्या डबीचे काम साधे. टेलिफोनच्या एकाच तारेतून माणसाचे बोलणे यायचे आणि इंटरनेटही यायचे. तार भिंतीतून निघून फोनमध्ये शिरायच्या आधी मध्ये ही डबी लावली, की इंटरनेटचा कल्लोळ ती अडवून धरी आणि फोनपर्यंत फक्त बोलणे जाऊ देई. डबी नसली की फोनमध्ये खरखर भरे. शिवाय कोणी फोन उचलला की तिकडे इंटरनेट तुटे. लावायला दोन मिनिटे लागत. या दोन मिनिटांची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे, कारण परवापर्यंत ती मी कोणालाही सांगितली नव्हती.

माझी आई आणि सुमनमावशी, या दोघीच बहिणी. भाऊ नाही. मावशी नांदुऱ्याला माहेरच्याच घरात राहिली, तिथले सणवार तिनेच सांभाळले. आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. माझ्या आजोबा-आजीची घागर मावशी भरायची, आणि ती भरली असे तिने फोनवर सांगितल्याशिवाय आई अन्नाला शिवत नसे. एरवीही दर शनिवारी दुपारी दोघींचा फोन ठरलेला. त्यासाठीच मी आईच्या खोलीत दुसरा फोन बसवला होता. बाजारातून तार आणून, अर्जबिर्ज न करता, बैठकीतल्या लाइनीला परस्पर जोडून.

आणि तिथेच माझी चूक दडलेली आहे. शाळेची माहिती संगणकावर भरायची सक्ती झाली, म्हणून मी घरी इंटरनेट घेतले. जोडायला लाइनमन आला. भला माणूस. त्याने पिशवीतून एक डबी काढून बैठकीतल्या फोनला लावली आणि विचारले, "सर, लाइनवर जितके फोन, तितक्या डब्या लागतात. अजून कुठं फोन आहे काय?"

"नाही," मी म्हणालो.

अर्ज न करता जोडलेला फोन! तो येण्यापूर्वीच मी त्यावर आईची गोधडी टाकून ठेवली होती. विद्यार्थ्यांना सत्यावर निबंध लिहायला लावणारा मी शिक्षक, एका कुणी न मागितलेल्या परवानगीच्या धाकाने खोटे बोललो. पुढे कळले की गावातल्या अर्ध्या घरांत असे फोन होते आणि लाइनमनला त्याचे काहीएक नव्हते. भित्र्या माणसाचे असेच असते. ज्याची कोणाला पर्वा नाही ते तो जिवापाड लपवतो, आणि त्या लपवण्याचे ओझे मात्र घरातल्या सर्वांत मुक्या खांद्यावर जाऊन पडते.

दोन शनिवार गेले आणि आई म्हणू लागली की सुमनचे बोलणे नीट येत नाही, कानात काहीतरी सळसळते. मी वहीतून डोके वर न काढता म्हणालो, वयोमानाने होते असे. तिने ते मान्य केले. माझ्या शब्दावर तिचा केवढा विश्वास! त्या दिवसापासून ती लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडू लागली. सहा महिने सोडले. तो उग्र वास घरभर दरवळे, आणि मी नाक मुरडून खिडकी उघडत असे.

त्या वर्षीच्या अखजीला मी संगणकासमोर बसलो होतो. निम्मा तक्ता भरून झाला होता. एवढ्यात घंटी वाजली, आईने तिच्या खोलीतला फोन उचलला आणि माझे इंटरनेट तुटले. मी तिथूनच ओरडलो, "ठेव तो फोन! तुले आयकू येत नाही तं उचलतं काऊन?"

तिने ठेवला. घागर भरली की नाही, ते तिला कळलेच नाही. पुन्हा फोन येईल म्हणून ती बसून राहिली. इकडून लावायला मात्र धजली नाही. ऊन उतरेपर्यंत पुरणाचे ताट झाकलेले होते. तिकडे मावशीला वाटले, ताईने आपला आवाज ऐकून फोन आपटला. त्यानंतर शनिवारचा फोन माझ्या मोबाइलवर येऊ लागला: ताई बरी आहे ना? हो, बरी आहे. एवढेच. आईकडे फोन दिला तर ती हातानेच नको म्हणे. बहिऱ्याशी बोलून समोरच्याला त्रास कशाला, ही तिची समजूत.

त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत बैठकीतला फोन पडून फुटला, म्हणून मी आईच्या खोलीतला उचलला. ती खरखर माझ्या तरण्या कानात शिरली. सगळे लख्ख कळले. त्याच दिवशी बाजारातून डबी आणली. भिंतीतली पिन काढली, डबीत घातली, डबी भिंतीत. टक्. आवाज निवळला, पहाटेच्या विहिरीसारखा. आईला म्हणालो, फोन दुरुस्त केला. ती म्हणाली, "फोन काय करन बाबू, कानच गेले."

सांगायचे तेव्हाच होते. कान गेले नव्हते, मी खोटे बोललो होतो: दोन वाक्ये. आज सांगू, उद्या सांगू, करता करता माझे केस पांढरे झाले, आणि तिचे कान खरोखरच गेले.

परवा ती डबी मुठीत धरून मी तिच्यापुढे बसलो आणि सांगितले. अगदी हळू आवाजात, कबुली देताना माणूस बोलतो तसे.

"काय म्हनतं? जोरानं बोल."

मग जोराने बोललो. तरी कळेना. शेवटी माझा अपराध मी ओरडून सांगितला. शेजारची बाई धुणे वाळत घालता घालता थांबली. आईने माझ्या मुठीतली डबी घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"म्हंजे तव्हा माहे कान चांगले होते?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आन मी लसनाचं तेल टाकत राह्यली." ती किंचित हसली की काय, मला नीट दिसले नाही. मग म्हणाली, "सुमनीले फोन लाव."

मी मोबाइल लावला, आवाज मोठा केला, तिच्या हाती दिला. मला वाटले, आता माझी तक्रार होईल. आणि ती व्हावी असेही वाटले. पण तिने वेगळेच विचारले. "सुमने, अखजीले फोन कटला, त्या साली घागर भरली होती काय व?"

तिकडेही कान थकलेले. तीन वेळा विचारावे लागले. मग मावशीचा आवाज आला, चिरका, म्हातारा, "भरली होती न व ताई. तेच सांगाले फोन केल्ता. तूच ठेवून देल्ला."

"मी नाही ठेवला," आई म्हणाली. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिले. "बरं. आता आयकलं."

दोघी मग बोलत राहिल्या. अर्धे ऐकू येत नव्हते, एकीचे उत्तर दुसरीच्या भलत्याच प्रश्नाला जात होते. मोबाइलमध्ये खरखर औषधालाही नव्हती. सारी वाट निर्मळ होती, आणि त्या निर्मळ वाटेच्या दोन्ही टोकांना ऐकणारे कान उरले नव्हते. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. क्षमा मागितली का? नाही. आईचे जेवण व्हायचे होते. मी तिचे ताट वाढून आणले आणि तिचे बोलणे संपेपर्यंत ते झाकून बसून राहिलो.