एक पत्रावळ जास्त

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मामीचे. तिला मी माय म्हणते. लहानपणी म्हणत होते, मधली काही वर्षं काहीच म्हणत नव्हते, आता पुन्हा म्हणते. ती कधी शाळेत गेली नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्यात तिचा वाटा किती, हे सांगायचं तर माघातल्या एका दुपारपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव पवनारच्या पुढं, धामच्या काठाला. आम्ही गोंड. घरातली मोठी माणसं आपसांत गोंडी बोलायची आणि आम्हा मुलांशी वऱ्हाडी. मला कळू नये असं काही असलं की माय आणि बाबा गोंडीत शिरायचे. त्यामुळे आपली म्हणतात ती भाषा मी कायम दाराबाहेर उभं राहून ऐकल्यासारखी ऐकली.

आमच्यात प्रत्येक घराण्याचे देव मोजलेले असतात. कोणी पाच देवांचे, कोणी सहा, कोणी सात. आमचं घर सहा देवांचं. वर्षातून एकदा, माघात, परसातल्या मोहाखाली नवी चूल मांडून त्यांचा स्वयंपाक होतो आणि तो त्याच देवांच्या माणसांनी खायचा असतो. सून लग्न होऊन आली की ती नवऱ्याच्या देवांची होते. मूल बापाच्या देवांचं. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त त्या स्वयंपाकाची चव ठाऊक नव्हती, कारण दर माघात नेमकं त्याच दिवसांत मला आर्वीला आत्याकडे पाठवत. वर्ध्याहून आर्वीची बस, खिडकीची जागा, डेपोवर घ्यायला आलेली आत्या. ती मला दोन दिवस ठेवून घ्यायची, केस विंचरून द्यायची. मला वाटायचं, आत्याला माझा लळा आहे म्हणून बोलावते.

मी दहावीत असताना आत्याचा फोन आला. तिच्या पोरांना माता आली होती, म्हणजे कांजिण्या. यंदा पोरीला पाठवू नका, असं तिनं सांगितलं. बाबा आणि माय बराच वेळ गोंडीत बोलत राहिले. मग मायनं मला पळसाची पानं आणि काड्या आणून दिल्या आणि पत्रावळी लावायला बसवलं.

"आठच कर," ती म्हणाली.

मी मनात माणसं मोजली. बाबा, माय, दादा, शेजारच्या घरातले चुलतकाका, काकू, त्यांची दोन मुलं आणि देवाचं करणारे म्हातारे, ज्यांना आमच्यात भुमका म्हणतात. हे आठ झाले आणि मी नववी. माय मोजताना चुकली असं समजून मी एक जास्त लावली. ती सगळ्यांत नीट जमली होती.

दुपारी मोहाखाली पत्रावळी मांडल्या. मी माझ्या पत्रावळीसमोर बसले. भुमकानं ओळीवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबला.

"ही कोनाची?"

त्यानं मलाच विचारलं असं वाटून मी बाबांचं नाव सांगणार होते. पण बाबा आधी बोलले.

"बहिनीची."

एवढंच. कोणी मान वर केली नाही, कोणाला आश्चर्य वाटलं नाही. त्या ओळीत हे मी एकटीच पहिल्यांदा ऐकत होते. मला काय वाटलं हे आजही सांगता येत नाही. माझ्या पत्रावळीची एक काडी वर आली होती, ती मी आत दाबली. मग मायनं मला दंडाला धरून उठवलं, पुढच्या ओट्यावर नेलं आणि आधीच वेगळं करून ठेवलेलं भाकर-बेसन समोर ठेवलं. म्हणजे ती मोजताना चुकली नव्हती.

पुढची हकीकत मायनं तिथंच, भाकरीकडे बघत, थोडक्यात सांगितली. आत्याचा पहिला संसार मोडला तेव्हा मी वर्षाची होते. ती मला घेऊन भावाकडे, म्हणजे बाबांकडे आली. नंतर तिचा आर्वीला पाट लागला. तिकडच्यांनी पहिल्या घरचं मूल नको म्हटलं. तेव्हापासून मी इथं. माझा बाप सात देवांचा होता. तो कुठं आहे, कोणाला माहीत नव्हतं. शाळेत नाव घालताना बाबांनी स्वतःचं नाव लावलं. कागदावर मी या घरची झाले, पण देवाच्या चुलीला कागद चालत नाही.

माय परत वाढायला गेली. मी भाकरीला हात लावला नाही.

जेवणं उरकली. माणसं नळावर हात धुवायला गेली तेव्हा मी परसात आले. चुलीवर भाताचं मडकं होतं. मी झाकण काढलं, हात घातला आणि एक घास खाल्ला. मग दुसरा. रडू येत नव्हतं, राग आल्यासारखंही वाटत नव्हतं. तो भात कसा लागतो, एवढंच मला बघायचं होतं.

काकू मडकं उचलायला आली. झाकण खाली पडलेलं, राखेत शितं सांडलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुसऱ्या देवाच्या पोरीनं मडकं बाटवलं. धाडून द्या तिले आर्वीले. जिची हाये तिच्याकडं."

बाबांनी आर्वीचं नाव ऐकून मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत. माझा शितं लागलेला हात पाठीमागे होता. खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"तिनं नाई घेतलं," माय म्हणाली. "म्याच देल्लं तिले. माह्या हातानं."

भुमकानं तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी आपल्या हातानं घेतलं असतं तर दोष माझा ठरला असता आणि मला घरातून जावं लागलं असतं. वाढलं असेल तर दोष वाढणारीचा. भुमकानं थोडा विचार केला आणि सांगितलं, की तो पुन्हा हो म्हणेपर्यंत मायनं देवाच्या चुलीला हात लावायचा नाही, देवाच्या पंगतीला बसायचं नाही. पंचवीस वर्षं ती चूल मायनं सांभाळली होती. तिनं पदरानं हात पुसले आणि काकूच्या हातात पळी दिली.

मी गप्प राहिले. या लेखात मला सांगायचं आहे ते हेच, की मी गप्प राहिले. त्या दिवशी, आणि त्यानंतर साडेपाच वर्षं.

बाबा मायशी महिनाभर नीट बोलले नाहीत. इतकी वर्षं तिला कळत होतं आणि त्याच दिवशी काऊन कळलं नाही, असं ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणत. माय भाजी चिरत राहायची. मी अभ्यास करायची, दहावीचे पेपर दिले, बरे मार्क पडले. पण मायला हाक मारायची वेळ आली की जीभ थांबायची. माय म्हणावं तर खोटं वाटे, मामी म्हणावं तर त्याहून खोटं. मग मी "ऐकलं का" म्हणू लागले. नळाला पाणी आलं, ऐकलं का. डबा झाला का, ऐकलं का. ती प्रत्येक वेळी ओ द्यायची.

उन्हाळ्यात मी एकटी आर्वीला गेले. आत्याला विचारायचं असं बसमध्ये ठरवलं होतं. तिनं चहा केला, मार्क विचारले, शेजारणीला बोलावून "माही भाची" म्हणून दाखवलं. तिचं नाक माझ्यासारखं आहे, एवढं मी पाहिलं. ती केस विंचरायला फणी घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, विंचरलेत. निघताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला काही माहीत झालंय हे तिला कळलं. तिनं फणी परत फळीवर ठेवली. मी परतीच्या बसमध्ये झोपले.

एकदा श्रावणात मी आणि माय ओसरीवर तुरीची डाळ निवडत होतो. सुपावरची नजर न काढता तिनं विचारलं, "मंग? भात कसा व्हता?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"अळणी," मी म्हटलं.

"तसाच राह्यते तो. देवाले मीठ नाई लागत." मग म्हणाली, "येवढ्यासाठी केलं व्हय तू."

ती हसली. मला हसू आलं नाही, पण तिच्या सुपातले खडे मी वेचून दिले. त्या घटनेबद्दल आमच्यात झालेलं बोलणं तेवढंच.

बारावीनंतर बाबांचं म्हणणं होतं, आता बस झालं. मायनं काही वाद घातला नाही. तिनं वर्ध्याच्या कॉलेजचा फॉर्म दादाकडून मागवला आणि बाबांच्या पुढ्यात सहीसाठी ठेवून दिला. चार दिवस तो फॉर्म तिथंच होता, त्याच्या बाजूला त्यांचं ताट येत राहिलं. पाचव्या दिवशी सही झाली. त्यानंतर तीन वर्षं ती रोज सकाळी माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत यायची. बस येईपर्यंत आम्ही दोघी उभ्या असू. बस सुटली की ती वळून जाई. कॉलेजात मुली घरच्यांबद्दल बोलायच्या तेव्हा मी ऐकून घ्यायची. कोणी विचारलं तर सांगायची, घरी सगळे ठीक आहेत.

आणि दर माघात परसात धूर निघायचा. आता मला आर्वीला पाठवत नसत. मोहाखाली आठाऐवजी सात पत्रावळी लागायच्या. पुढच्या ओट्यावर आम्ही दोघी भाकर-बेसन खायचो.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी नालवाडीत खोली घेऊन राहत होते, एका लहान शाळेत शिकवायला लागले होते. निकाल सांगायला घरी फोन केला. बाबा खूश होते. मग माय आली आणि इकडचं-तिकडचं सांगता सांगता म्हणाली, की भुमका आता फार थकले आहेत. काकूची मुलगी लग्न होऊन सासरी गेली, आणि पुढच्या माघात काकूची नवी सून देवाची चूल कायमची हातात घेणार. बरं झालं, पोरगी हुशार आहे, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. तो आवाज मला ओळखीचा वाटला. साडेपाच वर्षं मी त्याच आवाजात बोलत होते.

मी फोन ठेवला आणि शाळेच्या वहीतली दोन पानं फाडली. पत्र मायच्या नावानं लिहिलं. मायला वाचता येत नाही. तिचं पत्र आलं तर ते बाबाच वाचून दाखवणार, ओसरीवर, मोठ्यानं, बोट ठेवून. हे मला लिहिताना माहीत होतं, म्हणूनच पत्र लिहिलं. ते ऐकलं जाणार होतं, म्हणून आपल्या बोलीत लिहिलं.

"माय,

बाबा हे वाचून राह्यले असतीन. बाबा, मधात थांबू नका, शेवटपर्यंत वाचा.

त्या माघात मायनं मले भात नाई देल्ला. मीच मडक्यात हात घातला अन् मीच खाल्ला, दोन घास. माय तवा परसात बी नव्हती, उष्ट्या पत्रावळी टाकाले गेली होती. मले आर्वीले धाडतीन म्हणून तिनं आपल्यावर घेतलं. मी पाठीमागं हात लपवून उभी होती. तो हात मले अजून आठवते.

मी बोलली नाई, कारण मले तवा काईच वाटत नव्हतं. अजून बी लय वाटत नाई. पण खरं काय हाये ते मले माहीत हाये, अन् ते वाटल्यावरच सांगावं असं काई नाई.

आता मी पास झाली, माहं माही कमावतो, आता मले कोणी कुठं धाडू शकत नाई. म्हणून बाबा, तुमी हे पत्र घेऊन भुमकाकडं जाजा. म्हातारा हाये तोवर जाजा. काकूसमोर वाचजा. बोलवलं तर मी येतो अन् तोंडानं सांगतो. चूल कोणाच्या हातात द्याची ते तुमी ठरवा, पण मायच्या हातून चूक झाली म्हणून देऊ नका.

माय, मी सात देवाची हाओ का कशाची, मले माहीत नाई. ते देव कुठं बसतेत ते बी माहीत नाई. माघात मी येतो. तू मोहाखाली बसजो. मी ओट्यावर बसतो, एकटीच बसतो, मले चालते. माह्यासाठी भाकर-बेसन करून ठेवजो.

पत्रावळी मी लावीन. आठच लावतो.

तुही पोरगी"